लायब्ररीची दिवाळी अंक योजना: घ्यावी की नाही?

यंदा डोंबिवलीत घराजवळच्या लायब्ररीची दिवाळी अंक योजना घेतली होती. मार्चअखेर ती संपतेय, त्याआधी लिहून टाकते कारण दरवर्षी नोव्हेंबर आला की कोणी ना कोणी विचारतंच, घ्यावी का म्हणून. घ्यावी. आणि तुम्ही कथा लिहीत असाल तर डोळे झाकून घ्यावी.

आधी व्यवहाराचं सांगते. एकरकमी ९०० रुपये भरले, एका वेळी दोन अंक घरी मिळतात, वाचून झाले की बदलून आणायचे, कितीही वेळा. हल्ली चांगला अंक तीनशे-चारशेच्या घरात गेलाय, म्हणजे तीन अंकांच्या पैशात अख्खा सीझन वाचून होतो. भाऊबीज झाली की काउंटरवर झुंबड उडते आणि मौज, अक्षर, साधना, ऋतुरंग हे तर पहिले काही आठवडे हाताला लागतच नाहीत, नंबर लावून ठेवावा लागतो. मी घाई केली नाही, डिसेंबर-जानेवारीत सगळं निवांत मिळतं आणि काउंटरवरच्या काकू तोपर्यंत कुठल्या अंकात काय चांगलं आहे ते ऐकून-वाचून तयार झालेल्या असतात. त्यांनी "हे ने, यातली तिसरी कथा बघ" म्हटलं की मी न चाळता घेते.

घरात अंक आला की त्याची वाटणी ठरलेली. सासूबाईंना 'धनंजय', रहस्य आणि गूढकथा, दुपारी जेवणं आवरली की भिंग घेऊन बसतात आणि खुनी कोण ते त्यांना अर्ध्यातच कळतं, पण संध्याकाळी मी वाचेपर्यंत सांगत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मुलगा सातवीत आहे, त्याला 'किशोर' लागतो. बालभारती १९७१ पासून हा अंक काढतेय, माझ्या लहानपणी मीही वाचलाय, आणि आजही त्यातली चित्रं बघून मुलगा स्वतःहून मोबाईल बाजूला ठेवतो, मला काही बोलावं लागत नाही. नवऱ्याला वेळ कमी, तो व्यंगचित्रं आणि एखादा लेख. 'आवाज'च्या खिडक्या मात्र सगळे उघडतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, पानाला चौकोनी कापलेली झडप असते, वरचं चित्र बघून एक वाटतं आणि झडप उचलली की आत भलतंच निघतं. लायब्ररीच्या प्रतीत त्या झडपा इतक्या हातांनी उचललेल्या असतात की दोन-तीन ठिकाणी सेलोटेप लावलेली होती.

आणि इथेच मला ही योजना विकतच्या अंकापेक्षा भारी वाटते. विकतचा अंक कोरा असतो. लायब्ररीच्या अंकावर माणसं दिसतात. राशिभविष्याची पानं कोपऱ्यात मऊ पडलेली, व्यंगचित्रांच्या पानावर चहाचा डाग, पण कथांकडे नीट बघा. काही कथांची पहिली दोन पानं मळलेली आणि पुढची कोरी करकरीत, म्हणजे लोकांनी तिथेच सोडून दिली. काहींची शेवटपर्यंत सारखी मळलेली. संपादक काय म्हणतात, समीक्षक काय म्हणतात ते आपल्याला कळतं, पण वाचक कुठल्या पानावर उठून गेला हे दुसरीकडे कुठे कळतं सांगा? मी आता नवीन कथा वाचायच्या आधी पानांची कड बघते, मग वाचते, आणि जिथे पानं पांढरी होतात तिथे थांबून बघते की लेखकाने काय केलंय. बहुतेक वेळा तिथे एकतर मोठं वर्णन असतं नाहीतर पात्रांच्या आधीच्या तीन पिढ्यांची माहिती सुरू झालेली असते.

शिवाय एक पेन्सिलवाला वाचक आहे. कोण आहे माहीत नाही, बाई की पुरुष तेही नाही, पण अक्षर बारीक, तिरकं आणि 'श' ची गाठ मोठी. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो, तेही हलक्या हाताने, पान खराब होऊ न देता. एका कथेत पंधरा वर्षं न बोललेले बाप-लेक शेवटच्या पानावर एकमेकांच्या गळ्यात पडतात, त्याखाली त्याने लिहिलंय, "पटलं नाही." बस. दुसऱ्या एका कथेत मध्येच एका साध्या संवादाशेजारी "वा". तो संवाद फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढाच होता, पण बाई चिडलीय हे त्यातून कळत होतं. मी तो उतरवून टेबलासमोर चिकटवलाय.

माझी स्वतःची दीर्घकथा सध्या निम्म्यावर आहे. कर्जतजवळची बंद पडलेली राईस मिल, ती सांभाळणारा म्हातारा आणि ती विकायला आलेली त्याची मुलगी. शेवट मनात आधीच होता, दोघांचं मिटतं आणि मुलगी सही न करता परत जाते. ते "पटलं नाही" वाचल्यावर शेवट उघडा ठेवलाय, आता मुलगी सही करते असं लिहून बघतेय आणि म्हाताराच तिला पेन देतो, हे जास्त खरं वाटतंय. पहाटे सगळे उठायच्या आधी तास-दीड तास मिळतो, तेवढ्यात एखादं पान होतं. बरेचसे अंक जून-जुलैपर्यंत साहित्य मागवतात, तोवर पूर्ण करायचीय.

तक्रारी आहेत. जाहिराती फार, कथा ऐन रंगात आलेली असताना मध्ये सोनं, फ्लॅट, मसाले, बँक अशी चार पानं लागतात. अंक जाहिरातींवरच उभा राहतो हे मान्य, पण जाहिराती कथा संपल्यावर एकत्र द्याव्यात. टाइप बारीक होत चाललाय, सासूबाईंच्या वयाचे वाचक तर सगळ्यात निष्ठावान आहेत, त्यांचा विचार व्हायला हवा. आणि गुळगुळीत चकाकणारा कागद ट्यूबलाइटखाली वाचवत नाही.

पण का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही गोष्ट चालू आहे, आणि नवीन लेखकाची कथा हजारो अनोळखी घरांत एकदम जाते अशी जागा मराठीत दुसरी नाही. डोंबिवलीच्या फडके रोडला दिवाळी पहाटेची गर्दी बघून हरखणारे आपण, त्याच गर्दीतल्या कोणाकोणाच्या घरी नंतर हाच अंक फिरत असतो याचं मला अजून अप्रूप वाटतं.

घेणार असाल तर दोन गोष्टी. योजनेत किती अंक आहेत ते आधी विचारा, काही ठिकाणी यादी मोठी असते पण मागणी असलेल्या अंकांच्या प्रती एक-एकच असतात. आणि शेवटच्या पंधरवड्यात जाऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच राहिलेले अंक आठवतात. माझा 'हंस' अजून यायचाय, माझ्यापुढे दोघे आहेत.