बावीस महिन्यांच्या गाडीला गंज: एक कोटिंग, एक फुकटचा रंग आणि एक चाचा

पांढऱ्या गाडीची एक सोय म्हणतात, गंज लगेच दिसतो. रत्नागिरीत तीही नाही. जांभ्याची लाल माती पावसात चाकांवरून उडते, मागच्या दारांपर्यंत चढते आणि वाळली की तिचा रंग हुबेहूब गंजाचा. असणारच, तिच्यातही लोहाचं ऑक्साइडच आहे. त्यामुळे २०२३च्या ऑगस्टमध्ये डिकीच्या खालच्या काठाला आलेला लाल ओघळ मी दोन रविवार नळी मारून धुऊन टाकला. तिसऱ्या रविवारी सहज बोट फिरवलं, तर रंगाखाली मसुरीच्या डाळीएवढे चार फोड लागले. एक नखाने उकरला. आतून विटकरी भुकटी आली.

गाडी २०२१च्या दसऱ्याला घेतलेली. बावीस महिने झालेले, हप्ते अडतीस बाकी.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दहावीला दरवर्षी क्षरण शिकवतो, लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात हे खिळे आणि परीक्षानळ्या घेऊन दाखवतो. बायको म्हणाली, "यंदा खिळे राहू देत. गाडीच न्या वर्गात."

गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. समोरच्या घरी तेच मॉडेल आहे, माझ्यापेक्षा जुनं, आणि त्याला टिपकाही नाही. फरक इतकाच की त्यांची गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी असते आणि माझी मिऱ्याला अंगणात, समुद्राकडे तोंड करून. जुलैत लाट बंधाऱ्यावर आपटली की सकाळी काचेवर मिठाचा थर असतो, बोटाने नाव लिहिता येतं. शिवाय त्यांनी गाडीला एकही जास्तीची वस्तू बसवून घेतली नव्हती. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

आता ज्यांच्यावर पैसे घालवले त्यांच्याविषयी, क्रमाने.

पहिलं, शोरूममधलं गंजरोधक कोटिंग. गाडी ताब्यात घेताना साडेसहा हजार. "सर, कोकणात मस्टच आहे," असं सांगून. गाडीच्या पोटाला काळा, रबरासारखा थर मारून देतात. दिसायला भक्कम. पण माझ्या गाडीला गंज आला तीन ठिकाणी, डिकीचा काठ, डाव्या मागच्या दाराचा काठ आणि मागच्या चाकाचं मडगार्ड, आणि तिन्हींपैकी एकाही ठिकाणी हा थर नव्हता. असणारही नव्हता. डिकीच्या किंवा दाराच्या खालच्या काठाला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, करंजीच्या काठासारखा. कारखान्यात अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून, वीज सोडून पहिला थर चढवतात. तो सगळीकडे पोचतो, पण घट्ट दुमडलेल्या घडीच्या पोटात कमीच शिरतो. म्हणून घडीच्या तोंडाशी सीलर, म्हणजे फट बुजवणारं लुकण, भरतात. त्या सीलरला कुठे बारीक फट राहिली की खारं पाणी आत जातं आणि मग वाळत नाही. पावसाळ्यात बरणीतल्या खड्यामिठाला पाणी सुटतं ना, तेच. मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं, आपण वरून गाडी कितीही पुसा. आतल्या आत गंज धरतो, लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि रंग उचलतो. फोड दिसतो तोवर आतलं काम बरंच झालेलं असतं.

कोटिंग वाईट नाही. पोटाला दगड लागतात, वाळू लागते, तिथे ते उपयोगी आहे. पण अगोदर गंजलेल्या किंवा ओल्या पत्र्यावर मारलं तर पाणी आतच कोंडतं. आणि 'गाडी आता गंजणार नाही' म्हणून ते विकणं म्हणजे छत्री विकून सर्दी होणार नाही असं सांगणं.

दुसरं, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तिथे माणसं सौजन्याची, चहा चांगला. वॉरंटीचं विचारलं तर पुस्तिकेतलं एक कलम दाखवलं. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, खारी हवा यांमुळे रंगाला झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, खारी हवा वॉरंटीत नसेल तर किनाऱ्यावर शोरूम कशाला काढलंत? यावर तो मुलगा कसनुसं हसला. त्याचा काय दोष. नवी डिकी रंगासकट अडतीस हजार, असा अंदाज त्याने कागदावर लिहून दिला.

एक शहाणपण मला सुचलं, ते सांगतो. तोंडी नकार घेतला नाही. जॉब कार्डवर 'डिकीच्या घडीत, रंग न खरवडलेल्या जागी, आतून गंज' असं लिहायला लावलं, नाणं शेजारी ठेवून फोटो काढले आणि ते सगळं कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल केलं. रंगाला बाहेरून ओरखडा गेला आणि तिथे गंजला, तर ती आपली जबाबदारी. वरचा रंग शाबूत असताना खालून फुगला, तर प्रश्न वेगळा आणि तो त्याच शब्दांत मांडावा लागतो. ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण माझी गाडी त्याहून महाग. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून ठेवला होता. त्याचा परिणाम की मेलचा, कोण जाणे, तीन आठवड्यांनी निरोप आला: 'सद्भावना म्हणून' डिकी फुकट रंगवून देऊ, दाराचे अर्धे पैसे घेऊ.

ऑक्टोबरात गाडी परत मिळाली तेव्हा आरशासारखी. रंगाची छटा तंतोतंत जुळलेली, याला पैकीच्या पैकी. फक्त त्यांनी फोड घासून, पुटी भरून वरून रंग मारला होता. घडी उघडलीच नव्हती. २०२४च्या एप्रिलात त्याच जागी पुन्हा फोड, आता सहा.

तिसरे चाचा. एमआयडीसीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात, पाटी नाही. मच्छीच्या टेम्पोंचे हौदे हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. बर्फाचं खारं पाणी बारा महिने गळणाऱ्या गाड्या ज्याने चालत्या ठेवल्यात त्याला गंज काय असतो हे मी काय शिकवणार!

त्यांनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही. दार उघडून खालच्या काठावरून हात फिरवला आणि पोराला म्हणाले, "हीर आण." माडाच्या झावळीची हीर. दाराच्या तळाला पाणी निघून जायला दोन-तीन बारीक भोकं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. डाव्या मागच्या दाराची सगळी बंद होती. हीर घातल्यावर आधी मळी, मग वाळू, मग कुजलेली पानं आणि शेवटी अर्धा पेलाभर पाणी. पाऊस पडून सहा महिने झाले होते. हे पाणी गाडी धुण्याचं, म्हणजे माझंच.

"मास्तर, दार म्हणजे डबा. पाणी आत जाणारच, काचेच्या फटीतून. ते बाहेर जातंय का एवढंच बघायचं."

मग मागचं चाक. मडफ्लॅप बसवताना शोरूमच्या पोराने मडगार्डच्या काठाला ड्रिल मारून स्क्रू पिळलेले. भोकाच्या कडेला उघडा पत्रा, त्यावर मडफ्लॅप दाबलेला, मध्ये चिखल. डिकीचंही तेच, नंबरप्लेटच्या वरची क्रोमची पट्टी दोन स्क्रूंवर. मी हौसेने बाराशे रुपये देऊन लावून घेतलेली. बंदरावर लोखंडी बोटींना जस्ताचे ठोकळे लावतात, ते स्वतः झिजतात आणि लोखंड वाचतं. गाडीच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असला तर त्याचं काम तेच. ड्रिलने नेमका तोच खरवडला जातो.

चाचांनी पत्रा पांढरा होईस्तोवर घासला. घडीचं तोंड खरवडून त्यात गंज काळा करणारं औषध सोडलं, एक दिवस तसंच ठेवलं. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर जेमतेम पुटी. "नागड्या पत्र्यावर पुटी लावायची नाही, पुटी पाणी पिते," हे त्यांचं वाक्य मी आता बाकावरच्या पोरांनाही ऐकवतो. मग नवा सीलर, रंग. शेवटी दारांच्या आणि डिकीच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारलं, तळाच्या भोकांतून ते ठिबकेपर्यंत. भोकं पुन्हा हिरीने मोकळी केली. हे मेण घडीत आपोआप झिरपतं. साडेसहा हजारांच्या कोटिंगने जिथे जायला हवं होतं ती जागा ही.

एकूण अकरा हजार आठशे.

खोट काढायचीच तर आहे. चार दिवस सांगून नऊ लावले. मे महिना, लग्नसराई, पोरगा दोनदा गायब. रंगाचा बूथ नाही, त्यामुळे जवळून पाहिलं तर रंगात धुळीचे कण अडकलेले दिसतात आणि उन्हात डिकी बाकीच्या गाडीपेक्षा किंचित पिवळी वाटते. बिल मागितल्यावर वहीचं पान फाडून दिलं, पक्कं बिल मिळायला आठ दिवस. मेणाचा वास पंधरा दिवस आणि उन्हात ते पाघळून माझ्या शाळेच्या पँटवर एक डाग, जो अजून आहे. ज्यांना गाडी विकायची आहे त्यांनी सर्व्हिस सेंटरला जावं, तिथे रंग सुरेख होतो.

मी चाचांकडे का जातो, तर गॅरंटी विचारली तेव्हा दिलेल्या उत्तरासाठी. "घडीच्या आत किती खाल्लंय ते मला दिसत नाही. तीन पावसाळे काढेल. चौथ्याचं बोलत नाही." अडतीस हजारांच्या अंदाजपत्रकात एवढं खरं एकही वाक्य नव्हतं.

त्यानंतर मी केलेले बदल मामुली. क्रोमची पट्टी काढली, भोकं बुजवली. मडफ्लॅप आहेत, पण मूळ भोकांत बसणारे. पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालत नाही, त्याखाली ओल कोंडते. गोड्या पाण्याची नळी वरून कमी आणि चाकांच्या कमानींत जास्त. गुहागरला वाळूवर गाडी उतरवायचा मेहुण्याचा आग्रह मोडला, तो अजून बोलत नाही.

२०२४ गेलं, २०२५ गेलं. मागच्या आठवड्यात पुन्हा मेण मारून घ्यायला गेलो होतो. चाचांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने डिकीचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक करत वाजवला, कान लावून. उजव्या कोपऱ्यात दोनदा थांबले. "इथं थोडा बसका आवाज येतोय," म्हणाले, खडूने तिथे फुली मारली आणि मेणाचे बाराशे घेतले.

फुली मी अजून पुसलेली नाही.