रिकामा टीव्ही चॅनल ओळखायचा, तर कोणती सेन्सिंग पद्धत निवडावी?

कॉग्निटिव्ह रेडिओचे (परवानाधारक वापरत नसलेले चॅनल शोधून ते वापरणाऱ्या रेडिओचे) काम हाती घेणाऱ्यापुढे पहिला मोठा निर्णय असतो तो स्पेक्ट्रम सेन्सिंगच्या, म्हणजे चॅनल रिकामा आहे का हे ऐकून ठरवण्याच्या, पद्धतीचा. एनर्जी डिटेक्शन (चॅनलमधली एकूण ऊर्जा मोजणे) सोपे, मॅच्ड फिल्टर (सिग्नलच्या माहीत असलेल्या नमुन्याशी जुळवून पाहणे) सर्वोत्तम आणि सायक्लोस्टेशनरी पद्धत या दोहोंच्या मधली, अशी मांडणी सर्रास केली जाते. माझ्या मते मात्र निवड ठरवणारा प्रश्न वेगळाच आहे: आपल्या रिसीव्हरमधील नॉइजची (नकोशा पार्श्वगोंगाटाची) पातळी आपल्याला कितपत अचूक ठाऊक आहे?

रिकाम्या टीव्ही चॅनलवर चालणाऱ्या वायरलेस नेटवर्कसाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयईईई ८०२.२२ या मानकाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील एटीएससी या मानकाच्या डिजिटल टीव्हीचा सिग्नल उणे ११६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती; दर १० डीबी म्हणजे दहापट फरक) इतका क्षीण असला तरी तो ओळखता यावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. ६ मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये औष्णिक नॉइज उणे १०६ डीबीएमच्या आसपास असतो. त्यात रिसीव्हरचा १० डीबी नॉइज फिगर (रिसीव्हरने स्वतः घातलेली नॉइजची भर) मिळवला, तर सिग्नल नॉइजच्या २० डीबी खाली, म्हणजे शंभरावा हिस्सा उरतो.

येथे एनर्जी डिटेक्शन अपुरे पडते. सिग्नल दहापट क्षीण झाला की या पद्धतीला शंभरपट सॅम्पल (सिग्नलच्या मोजणीचे नमुने) लागतात, तर मॅच्ड फिल्टरला केवळ दहापट. पण खरी अडचण त्याहून खोल आहे. नॉइजच्या अंदाजात १ डीबी इकडेतिकडे झाले, तरी नॉइजच्या साधारण निम्म्याहून क्षीण असलेला सिग्नल कितीही वेळ ऐकला तरी विश्वासाने ओळखता येत नाही. तापमान बदलले की नॉइज बदलतो, त्यामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात टाळता येत नाही. तगडे सिग्नल झटपट वगळण्याच्या पहिल्या फेरीसाठी ही पद्धत अवश्य ठेवावी, अंतिम निर्णय मात्र तिच्यावर सोपवू नये.

मॅच्ड फिल्टरला सिग्नलची रचना व अचूक समकालन (सिग्नलच्या वेळेशी जुळणी) दोन्ही लागतात, आणि प्रत्येक प्रकारच्या परवानाधारकासाठी वेगळा फिल्टर लागतो. सायक्लोस्टेशनरी पद्धत सिग्नलमधील आवर्तन शोधते. नॉइजमध्ये ते नसल्याने ती अधिक भरवशाची ठरते, पण गणनेचा भार बराच वाढतो. आयगेनव्हॅल्यूवर (सॅम्पलमधील परस्परसंबंधांच्या मॅट्रिक्समधून निघणाऱ्या संख्यांवर) आधारित पद्धतीला नॉइजची पातळी माहीत असावी लागत नाही. मात्र अनेक अँटेना असल्यास त्यांच्या शाखांमधील नॉइज सारखाच आहे, हे गृहीतक आपल्या हार्डवेअरवर तपासून घ्यावे.

एटीएससीसाठी मी पायलट, म्हणजे सिग्नलसोबत पाठवला जाणारा ओळखीचा स्थिर सूर, शोधण्याचीच शिफारस करेन. पायलटची शक्ती उर्वरित सिग्नलपेक्षा ११.३ डीबीने कमी असते, पण तो एकाच वारंवारतेवर एकवटलेला असतो. १ किलोहर्ट्झचा पट्टा तपासला की नॉइज सहा हजारावा हिस्सा उरतो, आणि तोच २० डीबी खाली गेलेला सिग्नल या पट्ट्यात नॉइजच्या सुमारे ६ डीबी वर येतो. बहुपथ क्षयामुळे (वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरींनी एकमेकींना क्षीण केल्यामुळे) नेमका पायलटच दबला जाण्याचा धोका मात्र उरतो.

या धोक्यावर, तसेच इमारतीआड दडलेल्या रिसीव्हरच्या अडचणीवर, सहकारी सेन्सिंग (अनेक रिसीव्हरनी मिळून ऐकणे) हाच उपाय आहे. मात्र पाच रिसीव्हरपैकी कोणीही इशारा दिला तरी चॅनल व्यापलेला मानायचा असेल, तर प्रत्येकाचा १० टक्के खोटा इशारा (रिकामा चॅनल व्यापलेला असल्याचे सांगणे) एकत्रितपणे ४१ टक्क्यांवर जातो. एकत्रित प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी प्रत्येकाची उंबरठापातळी २ टक्के खोट्या इशाऱ्यांनुसार बांधावी लागते.