पंख्याच्या वायंडिंग मशीनवर गिटारचा पिकअप

लातुरात आमचा धंदा बोअरच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचा. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की दुकानात जळक्या मोटारींची रांग लागते. गिटारचं वेड त्यात वेगळं. म्हणून गंजगोलाईच्या बाजारातून आणलेलं पंख्याच्या कॉइलचं हातमशीन मी रात्री घरी पिकअप भरायला वापरतो. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालची, त्यांचा आवाज पकडणारी चुंबक-कॉइल. अडीच हजारांच्या आत मिळालं. कंपनीचं नाव-बिव काही नाही.

पैसे वसूल होतात ते काउंटरमुळे. स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धाटणीच्या पिकअपला साडेसात-आठ हजार वेढे लागतात, ते तोंडी कोण मोजणार? हा काउंटर हँडलचे नाही, कॉइल फिरवणाऱ्या दांड्याचे, म्हणजे शाफ्टचे फेरे धरतो. उलटं फिरवलं की आकडाही मागे येतो. शिवाय लाइट गेली तरी हात चालूच. आमच्याकडे हे लई मोठं सुख.

शाफ्टवर मात्र बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचा पिकअपचा सांगाडा, थेट बसत नाही. लाकडी चकती बोल्टनं कसून तिच्यावर दुहेरी टेपनं बॉबिन चिकटवायची. सेंटर चुकलं की बॉबिन डुलते आणि तार तटकन तुटते. ताण धरायची सोय मशीनला अजिबात नाही. पंख्याच्या ३६ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) तारेला बोटं पुरतात, पण इथली तार ०.०६ मिलिमीटरची, केसासारखी. फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचा तुकडा चिमटीत धरून त्यातून तार सोडा. घामट बोटं तर लावूच नका, त्या खारानं तार पुढं कुजते.

तार घेताना जपा. गिटारवाले ४२ नंबर म्हणतात तो अमेरिकन गेज. आपल्या दुकानात एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज चालतो आणि त्यातली ४२ असते ०.१ मिलिमीटरची. अर्धे वेढे व्हायच्या आत बॉबिन गच्च! दुकानात एसडब्ल्यूजीची ४६ मागा. एका कॉइलला किलोमीटरभर तार जाते, पण वजन भरतं जेमतेम ३० ग्रॅम. मोटारवाल्यांसारखी किलोनं घ्यायची गरज नाही.

भरून झाल्यावर मल्टिमीटरवर कॉइलचा रोध ६ किलोओहमच्या आसपास आला की बस. मोटारीसारखं वार्निश नको. पॅराफिन मेणात थोडं मधमाशीचं मेण घालून ६५ अंशांच्या पुढं न तापवता त्यात कॉइल बुडवा, नाहीतर प्लॅस्टिकची बॉबिन वाकडी होते.

एखादाच पिकअप असेल तर मशीन घेऊ नका, कुणाकडून तरी भरून घ्या. दोन-चार गिटारी हाताखालून जात असतील तर घ्या, फक्त आधी गिअर उघडून ग्रीस भरा. माझं तरी कोरडंठाक आलं होतं.