तपकीर गल्ली, पुणे : डिप्लोमाच्या सामानासाठी कशी आहे?

मी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमाला आहे. आधी गावाकडे आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकची दोन वर्षं, आणि तिथून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे सोल्डरिंगला हात बसलेला होता, गणिताची बोंब होती. दीड वर्षात इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या या गल्लीत किती चकरा झाल्या ते मोजलं नाही, पण सामान दुसरीकडून क्वचितच आणलं.

गल्ली बुधवार पेठेत, दगडूशेठपासून चालत पाच मिनिटांवर. गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही. मंडईला मेट्रोने उतरून चालत जा.

पहिल्यांदा गेलो ते आम्ही चौघी. मायक्रोप्रोजेक्ट, म्हणजे अभ्यासक्रमातला छोटा प्रोजेक्ट, होता ५ व्होल्टच्या पॉवर सप्लायचा आणि यादी म्हणजे मोबाईलमधला सर्किटचा फोटो. पाच फूट रुंदीचं दुकान, मागे छतापर्यंत छोटे ड्रॉवर. फोटो पुढे केला तर काउंटरवरच्या काकांनी बघितलंसुद्धा नाही.

"तोंडानं सांगा."

"ट्रान्सफॉर्मर, बारा व्होल्ट."

"किती अँपिअर?"

"एक. डायोड ४००७, चार. ७८०५ रेग्युलेटर एक. आणि कपॅसिटर हजार मायक्रो."

"किती व्होल्टचा?"

"सोळा," मी म्हटलं. ट्रान्सफॉर्मर बाराचा, म्हणजे सोळाचा कपॅसिटर भरपूर झाला, असा हिशोब.

"ताई, बारा एसी आहे. चार डायोडचा ब्रिज लावून डीसी केल्यावर कपॅसिटरवर किती येणार?"

मागे तीन गिऱ्हाइकं उभी. मी तिथंच बोटांवर मांडलं : एसीचं वरचं टोक १२ गुणिले १.४१४, म्हणजे १७. दोन डायोडचे दीडेक वजा, साडेपंधरा. "आणि लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मर बारावरच थांबतो होय?" असं म्हणत काकांनी २५ चा कपॅसिटर काउंटरवर ठेवलासुद्धा. दोन रुपये जास्त. लॅबमध्ये लोड, म्हणजे सप्लायवर चालणारं काही, न लावता मोजलं तेव्हा मीटरवर १८.२ दिसले. सोळाचा लावला असता तर आज ना उद्या फुगला असता. त्या १.४१४ वर मी परीक्षेत मार्क घेतले होते हो! पण तो आकडा दुकानात कामाला येतो हे डोक्यात आलंच नव्हतं.

सुट्ट्या पार्टसाठी गल्ली एकदम झकास. रेझिस्टर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ५५५ टायमर आयसी, बर्ग स्ट्रिप, झीरो पीसीबी, फेरिक क्लोराइड, सगळं दोनशे पावलांत. एकच ५५५ मागितला तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. ऑनलाइन तोच एक मागवला तर पार्सलचा खर्च आयसीच्या चौपट. फक्त रेझिस्टर घेताना किलोओममध्ये आकडा आणि वॅट दोन्ही सांगा. रेझिस्टरवरच्या रंगांच्या पट्ट्या वाचून "तपकिरी-काळा-नारिंगी द्या" म्हटलं की पोरगं आपल्याकडे दयेनं बघतं. (तपकीर गल्लीत तपकिरी पट्टी ओळखत नाहीत असं नाही, घाई असते.)

सोल्डर वायर घेताना रिळावर ६०/४० (कथील/शिसं) छापलंय का बघा. एकदा स्वस्तातलं बिननावाचं रीळ घेतलं. सोल्डरिंग आयर्नची बिट, म्हणजे टोक, लाल व्हायची बाकी, तरी वायर पसरेना, नुसता करडा गोळा पॅडवर बसायचा. चांगली वायर १९० अंशांच्या आतच वितळते आणि पार्टच्या लेगभोवती चकचकीत चढते. माझा हात बिघडला असं समजून मी दोन दिवस स्वतःला दोष देत होते.

आता तक्रार. गल्लीतल्याच एका दुकानातून, नाव लिहीत नाही, पिवळा डिजिटल मल्टीमीटर घेतला. ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब (मीटरच्या टोकदार वायरी) एकमेकींना टेकवल्या तर शून्याच्या आसपास यायला हवं. हा दाखवायचा ३.१, वायर हलवली की ७, मग परत २. तिसऱ्या दिवशी परत नेला तर "वॉरंटी नसते मॅडम, चालू करून दिला होता ना". दिला होता, खरंय, पण चालू करून म्हणजे स्क्रीन पेटवून. शेवटी मीच काळी प्रोब उघडली. आत केसासारखी तार, नुसती टेकवलेली. जाड वायर घालून डाग दिला, आता ०.४ वर स्थिर आहे. तरी २३० व्होल्टला तो लावत नाही, त्यासाठी लॅबमधला मीटर.

म्हणून मीटर, सोल्डरिंग आयर्न असलं काही घेणार असाल तर काउंटरवरच तपासा. मीटर असेल तर प्रोब टेकवून ओहम बघा, त्यांच्याच दुकानातल्या नव्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर डीसी बघा. दोन मिनिटं लागतात. दुकानदार कुरकुरला तर शेजारचं दुकान आहेच.

संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, गर्दीत काकांना प्रश्न विचारायला वेळ नसतो. मी अकराच्या सुमाराला जाते, तेव्हा ते चहा घेत असतात.