आधी धोका की आधी आयुष्य? गुन्हेगारांसोबतच्या कामाच्या दोन पद्धती, शेजारी-शेजारी ठेवून

मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए करून कारागृहात, निरीक्षणगृहात काम करायला निघालेली मुलं-मुली मला बहुतेक वेळा हेच विचारतात: आरएनआर (धोका जोखून त्याप्रमाणे उपचार ठरवणारी पद्धत) शिकू की जीएलएम (चांगलं आयुष्य उभारण्यावर भर देणारी)? दोन्हींचं प्रशिक्षण मिळतं, दोन्हींना वेळ आणि पैसा लागतो. दोन्हींचे पुरस्कर्ते वीसेक वर्षं एकमेकांना लेखांतून उत्तरं देत आले आहेत, त्यामुळे नवख्याला वाटतं की कुठल्यातरी एका बाजूला जावंच लागेल.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभी आहे ते कळेल. माणसापासून किती धोका आहे आणि तो कशामुळे आहे, हे ठरवायला आरएनआर. त्याच माणसासमोर बसून बोलायला जीएलएम. एकच शिकण्याइतका वेळ असेल तर आरएनआर, कारण धोक्याचा अंदाज चुकला तर भोगणारा माणूस आपल्या समोर बसलेला नसतो. तो बाहेर कुठेतरी असतो आणि त्याला आपण कोण हेही माहीत नसतं.

आरएनआर म्हणजे जोखीम, गरज आणि प्रतिसादक्षमता. तो कुठून आला हे कळलं की त्याचा कोरडेपणाही समजतो. १९७४ साली अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन यांनी कैद्यांच्या सुधारणा कार्यक्रमांचा आढावा घेतला आणि त्यातून ‘कशाचाच उपयोग होत नाही’ एवढाच निरोप सगळीकडे पोचला. पुढची कित्येक वर्षं तिथे सुधारणेपेक्षा कोंडून ठेवण्यावर भर राहिला. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉन अँड्रयूज, जेम्स बोंटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे पटलं नाही. उपयोग होतो की नाही, असं सरसकट विचारण्याऐवजी कोणाला, कशावर आणि कशा रीतीने उपचार दिले तर होतो, असं त्यांनी विचारलं. १९९० मध्ये ही तीन तत्त्वं एकत्र मांडली गेली.

त्यातलं पहिलं तत्त्व नवख्यांना सगळ्यात जास्त खटकतं. जास्त धोक्याच्या माणसाला जास्त उपचार, कमी धोक्याच्या माणसाला कमी, किंवा अजिबात नाही. जो शांत आहे, ऐकतो, वेळेवर येतो त्याच्यासोबत काम करणं सोपं असतं, म्हणून आपला ओढा तिकडे जातो. पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सुटकेआधीच्या निवासी केंद्रांचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा कमी धोक्याची माणसं या केंद्रांत ठेवल्यावर पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं. कारण समजायला अवघड नाही. नोकरी, घर आणि चांगली संगत, म्हणजे ज्या गोष्टींनी तो सावरलेला होता, त्यांच्यापासून त्याला तोडलं आणि मुरलेल्या लोकांबरोबर दिवसभर बसवलं. आपण चांगल्या हेतूने केलेलं कामही समाजाला अपाय करू शकतं, हे मी इतकं स्पष्टपणे दुसरीकडे कुठे शिकले नाही.

दुसरं तत्त्व गरजेचं. इथे गरज म्हणजे गुन्ह्याशी थेट जोडलेली आणि बदलता येणारी गोष्ट. त्यांच्या यादीत आठ घटक आहेत: आधीचा गुन्हेगारी इतिहास, उतावळा आणि बेदरकार स्वभाव, गुन्ह्याला योग्य ठरवणारे विचार, तशी संगत, घरातले ताण, शिक्षण किंवा काम, रिकामा वेळ आणि व्यसन. इतिहास बदलता येत नाही, बाकीचं येतं. न्यूनगंड किंवा उदासपणा या यादीत नाही. त्यावर उपचार करूच नयेत असं कोणी म्हणत नाही, फक्त त्याने गुन्हे कमी होतील अशी आशा धरू नये. तिसरं तत्त्व प्रतिसादक्षमतेचं, म्हणजे माणसाची भाषा, शिक्षण, तयारी बघून शिकवायची रीत बदलणं. बहुतेक ठिकाणी हेच सगळ्यात आधी गळतं.

आता जीएलएम, म्हणजे चांगल्या आयुष्याचा आराखडा. न्यूझीलंडचे टोनी वॉर्ड यांनी तो २००२ च्या सुमारास मांडला, मुख्यतः लैंगिक गुन्हे केलेल्यांसाठी. त्यांचा आक्षेप असा होता की माणसाला धोक्यांची पोतडी समजून एकेक धोका काढत गेलं तर शेवटी त्याच्या हातात काय उरतं? काय करायचं नाही, त्याची लांबलचक यादी. वॉर्ड म्हणतात, गुन्हा करणाऱ्यालाही तेच हवं असतं जे आपल्याला हवं असतं: नाती, मान, कामात कौशल्य, मनाची शांतता, आपल्या आयुष्यावर ताबा, विरंगुळा, कुठल्यातरी समूहात जागा. ते मिळवण्याची वाट चुकते. ती चार प्रकारे चुकते: साधन चुकीचं असतं, आयुष्य एकाच गोष्टीभोवती आकसलेलं असतं, दोन इच्छा एकमेकींच्या आड येतात, किंवा ते मिळवण्याची क्षमता अथवा संधीच नसते.

एकच माणूस दोन्हींतून बघू. हा कोणी खरा माणूस नाही, उदाहरणासाठी घेतलाय. तिशीतला रिक्षावाला, मारामारीत दोनदा शिक्षा झालेली. तिसऱ्या वेळी दारूच्या नशेत पार्किंगवरून शेजाऱ्याचा हात मोडला. घरी बायको आणि दुसरीतली मुलगी.

आरएनआरच्या कागदावर तो असा दिसतो: हिंसेचा इतिहास आहे. संध्याकाळ रोज त्याच चौघांबरोबर गुत्त्यावर जाते. काम नियमित नाही. ‘आवाज चढवला की समोरच्याला दाखवून द्यायलाच हवं’ हा विचार पक्का आहे. धोका मध्यम ते जास्त, म्हणजे आठवड्याला एक गप्पांचं सत्र पुरणार नाही. दारूवर, त्या विचारावर आणि संध्याकाळच्या वेळेवर महिनोन्‌महिने सराव घ्यावा लागेल. लहानपणी वडिलांनी मारलेलं तो रडत सांगेल, आणि आपला सगळा वेळ तिकडे जाण्याचा संभव आहे. आरएनआर तिथे आपल्याला थांबवतो.

जीएलएमच्या खुर्चीतून पहिला प्रश्न वेगळा येतो: त्या संध्याकाळी तुला काय हवं होतं? बऱ्याच घोळानंतर उत्तर येतं, ‘मान’. मग कळतं की मान मिळण्याची त्याची एकच जागा उरलीय, तो गुत्ता. मुलीचा चांगला बाप होणं आणि गुत्त्यावरचा दादा राहणं या दोन इच्छा रोज संध्याकाळी सात वाजता एकमेकींसमोर उभ्या राहतात. ‘दारू पिणार नाही’ असं लिहून घेण्याऐवजी ‘मुलीला रोज सकाळी शाळेत सोडणार’ असं ध्येय ठरतं. रात्री पिऊन सकाळी सातला उठता येत नाही, त्यामुळे दारूचा विषय त्याच्याच तोंडून येतो. ही निव्वळ शब्दांची कसरत नाही. २००४ च्या एका इंग्लिश अभ्यासात ‘टाळायचं काय’ याऐवजी ‘गाठायचं काय’ यावर बेतलेल्या गटातली माणसं उपचारात जास्त गुंतलेली आढळली.

शेजारी-शेजारी ठेवल्यावर दोन्हींची वजनं सारखी नाहीत, हे मात्र खरं आहे. पुराव्याच्या बाजूने आरएनआर बराच पुढे आहे. लैंगिक गुन्ह्यांवरच्या उपचारांचे २३ अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये निष्कर्ष आले: उपचार घेतलेल्यांत पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याचं प्रमाण १०.९ टक्के, न घेतलेल्यांत १९.२ टक्के. ज्या कार्यक्रमांनी ही तीन तत्त्वं पाळली, त्यांचा परिणाम जास्त होता. जीएलएमवरचे अभ्यास संख्येने थोडे आहेत. त्यांतून एवढंच म्हणता येतं की तो नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट ठरत नाही आणि माणसं त्यात टिकतात. उपचार अर्धवट सोडून जाणारे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून टिकणं ही छोटी गोष्ट नाही. तरीही त्याला गुन्हा कमी झाल्याचा पुरावा म्हणता येणार नाही.

इंग्लंड-वेल्सचा अनुभव दोन्ही बाजूंच्या लोकांनी समोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. तिथल्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी एक गटोपचार कार्यक्रम नव्वदच्या दशकापासून चालला. प्रशिक्षित कर्मचारी, नियमावली, देखरेख असं सगळं होतं. २०१७ मध्ये सरकारनेच मूल्यमापन प्रसिद्ध केलं. उपचार घेतलेल्या २,५६२ जणांची तुलना न घेतलेल्या १३,२१९ जणांशी केली होती, सरासरी आठ वर्षांच्या मागोव्याने. पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे उपचार घेतलेल्यांत १०.० टक्के आणि न घेतलेल्यांत ८.० टक्के निघाले. कार्यक्रम बंद झाला आणि त्या जागी वेगळ्या पद्धतीचे नवे कार्यक्रम आले. का असं झालं, यावर वाद आहेत. गटात बसून एकमेकांच्या गुन्ह्यांचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकणं, हे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आलं. मला त्यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: कुठलीही पद्धत निवडा, पण पहिल्या दिवसापासून नोंदी अशा ठेवा की पाच वर्षांनी कोणाला तरी ती तपासता येईल.

मोजणीच्या साधनांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे चुका इथेच होण्याचा संभव आहे. आरएनआरसोबत प्रश्नावल्या येतात. लैंगिक गुन्ह्यांसाठीची स्टॅटिक-९९ दहा घटकांची आहे. तिचं मराठी भाषांतर एका दुपारी होईल, पण तिच्या गुणांचा अर्थ ज्या माणसांवरून ठरला ती माणसं आपली नाहीत. कॅनडातच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इवर्ट खटल्यात तुरुंग प्रशासनाला दोषी धरलं. तिथल्या आदिवासी समाजांतल्या कैद्यांसाठी ही साधनं अचूक आहेत का, हे न तपासता ती वापरल्याबद्दल. ज्या देशात ती बेतली गेली तिथे ही स्थिती असेल, तर येरवड्यात बसून ‘याचे सहा गुण, म्हणून धोका जास्त’ असं अहवालात लिहिण्याचा धीर करू नये. आठ घटकांची चौकट मुलाखतीसाठी वापरा. आकडा लिहू नका.

भारतातली कायद्याची बाजू दोन्ही पद्धतींना सारखीच अडवते. आपल्या कारागृहांतले साधारण तीन-चतुर्थांश बंदी न्यायाधीन आहेत, त्यांचा खटला अजून चाललाय. त्यांच्याशी गुन्ह्याचे तपशील उकरत बसणं म्हणजे त्यांच्या बचावाशी खेळ होतो. त्यांच्यासोबत व्यसन, राग, घराशी संपर्क, सुटल्यावरचं काम यावर बोलता येतं, आणि त्यासाठी जीएलएमची भाषा जास्त उपयोगी पडते. शिक्षा झालेल्यांबरोबर आरएनआरचं काम पूर्ण करता येतं. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, साध्या मराठीत सांगा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर तो कळवणं बंधनकारक आहे, मग तो समुपदेशनाच्या खोलीत कळला असला तरी. हे नंतर सांगितलं तर माणसाला दगा वाटतो, आणि त्याचं वाटणं चुकीचं नसतं.

निरीक्षणगृहातल्या मुलांसाठी आणखी एक सावधगिरी. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेला व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. हे मूल्यांकन मागच्या घटनेबद्दल असतं. आरएनआर पुढच्या धोक्याबद्दल बोलतो. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहिलं तर त्या मुलाचा खटला मोठ्या माणसासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयात जाऊ शकतो.

जीएलएमवाल्यांना मी एक गोष्ट आठवणीने सांगते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाली. कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात, भिंती नाहीत. वॉर्ड यांच्या आराखड्यातल्या निम्म्या गोष्टी, म्हणजे काम, नाती, ताबा आणि समूहातली जागा, तिथे साठ वर्षं आधीच होत्या. पण तिथे कोणालाही पाठवत नाहीत, निवडून पाठवतात. खुल्या वसाहतीचं दार उघडण्याआधी कोणीतरी धोक्याचा अंदाज घेतलेला असतोच.

सुटकेनंतरच्या काळासाठी यातली कुठलीच पद्धत एकटी पुरत नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये १९९४ साली मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका पाद्र्याने, सुटून आलेल्या आणि सगळ्यांना नकोशा झालेल्या एका माणसाभोवती काही स्वयंसेवक जमवले. त्यांतला कोणी ना कोणी त्याला रोज भेटायचा, आधार द्यायचा आणि तो चुकीच्या वाटेला लागतोय असं वाटलं तर थेट विचारायचा. हीच पद्धत पुढे इतर देशांत गेली. यात आरएनआरचं लक्ष ठेवणं आणि जीएलएमची सोबत एकाच माणसाकडे असते, आणि स्वयंसेवकांना मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

तेव्हा निवड करताना आधी तुमची जागा बघा. शिक्षाबंद्यांसोबत किंवा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याबरोबर काम करणार असाल तर आरएनआरपासून सुरुवात करा आणि पहिल्या तीन महिन्यांत फक्त एवढं शिका: कोणाला जास्त वेळ द्यायचा आणि कोणाला कमी. न्यायाधीन बंदी, महिला बरॅक किंवा मुलं असतील तर जीएलएम आधी घ्या. त्यासोबत आठ घटकांचा कागद टेबलाच्या खणात असू द्या. भेट संपली आणि माणूस बराकीत परतला की तो काढून बघा, आज त्यातल्या कशाकशावर बोलणं झालं आणि कशावर झालंच नाही.