ॲसिड मारून केलेली एंडोस्कोपी, माझा अनुभव (बॅरेट्सवाल्यांनी वाचाच)

मला बॅरेट्स इसोफॅगस आहे, म्हणजे वर्षानुवर्षं ॲसिड वर येऊन येऊन अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तरच बदललंय, आणि त्यातून पुढेमागे कॅन्सर होऊ शकतो, धोका कमी असला तरी असतो, म्हणून ठरावीक वर्षांनी दुर्बीण घालून बघावं लागतं. मागच्या वेळी जिथे केली तिथे घाईघाईत उरकली, बदललेल्या अस्तराचा पट्टा किती सेंटिमीटर आहे तेपण रिपोर्टमध्ये नाही. जीव टांगणीला लागलेला नुसता.

यावेळचे डॉक्टर म्हणाले ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच ॲसिड, मारून बघू. ऐकूनच पोटात गोळा आला, ॲसिडनेच तर वाट लावलीये माझी! पण ते २.५ टक्क्यांचं असतं, घरातलं व्हिनेगर त्याहून कडक.

झोपेचं इंजेक्शन नको म्हटलं, घसा बधिर करायचा स्प्रे फक्त. डाव्या कुशीवर पडल्यापडल्या स्क्रीन दिसत होता. आधी पाण्याने फेस, चिकटा सगळा धुऊन काढला, मग दुर्बिणीतूनच ॲसिड सोडलं आणि बघताबघता तो लालसर भाग पांढराफटक पडला, बारीक खाचखळगे पण उठून दिसायला लागले. डॉक्टर नर्सला म्हणाले, घड्याळ लावा. मग सगळे गप्प. मिनिटभरात एकाच जागचा पांढरेपणा उतरला, नखाएवढा लाल डाग, बाजूला सगळं अजून पांढरंच. आधी बायोप्सी, म्हणजे तपासायला तुकडा, तिथलीच घेतली.

म्हणजे साधं बॅरेट्स असेल तर पांढरेपणा २-३ मिनिटं टिकतो, पेशी बिघडायला लागल्या असतील तिथला लवकर जातो. नेहमीच्या पद्धतीत दर २ सेंटिमीटरला चारही बाजूंनी तुकडे घेतात, पण नेमकी खराब जागा दोन तुकड्यांच्या मधे राहिली तर? मला तीच धास्ती होती, आणि इथे निदान कुठे घ्यायचं ते डोळ्यांनी दिसतं. जळजळ मला तरी काहीच झाली नाही, वेळ थोडा जास्त लागला एवढंच.

एक मात्र आहे, सूज असेल तिथेपण पांढरेपणा लवकर जातो, त्यामुळे लाल दिसलं की कॅन्सर असं नाही, आणि बघणाऱ्याची नजर तयार हवी. रिपोर्ट येईपर्यंत मला झोप नव्हती. माझ्या डागात सूजच निघाली. आता ॲसिडिटीच्या गोळ्या वाढवल्यात, सूज बसली की परत ॲसिड मारूनच बघणार आहेत, मी स्वतःच आग्रह धरलाय तसा.