पक्के बिल नको म्हणालो आणि २४,३५० रुपये गमावले

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. एकतीस वर्षे दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली आणि ज्याला पक्के बिल जोडलेले नाही असे व्हाउचर, मग ते संचालकांच्या चहापाण्याचे का असेना, परत पाठवले. तोच मी गेल्या नोव्हेंबरात, एका जुन्या लॅपटॉपसाठी, बिलाशिवाय, २४,३५० रुपये एका अनोळखी खात्यावर भरून बसलो. हे लिहिताना लाज वाटते. पण सांगली-मिरजेत माझ्यासारखी ‘तत्त्वाची’ माणसे पुष्कळ आहेत आणि तो लॅपटॉप विकणाऱ्या इसमाला नेमकी तशीच गिऱ्हाइके हवी असतात, म्हणून लिहितो.

खरेदीच्या बाबतीत माझे काही नेम आहेत. हप्त्याने वस्तू घ्यायची नाही, चालते यंत्र भंगारात काढायचे नाही आणि छोट्या विक्रेत्याकडून कमिशन कापून घेणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांवरून काही मागवायचे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची अद्यतने थांबली. माझ्या संगणकाचा प्रोसेसर जुना असल्याने विंडोज ११ त्याला घेईना, तेव्हा मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालून घेतली आणि तो आजही उत्तम चालतो. नातीला डिप्लोमासाठी लॅपटॉप हवा होता. मुलगा हप्त्यांवर नवा आणायला निघाला होता. मी म्हणालो, दुरुस्त केलेला जुना, लिनक्स घातलेला घेऊ, निम्म्या पैशांत काम होईल. या म्हणण्यात मला अजूनही चूक दिसत नाही. गणपती पेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे मी आधी गेलो होतो, हेही मुद्दाम नोंदवतो, कारण घरात आता प्रत्येक जण तेच विचारतो. त्याच्याकडे त्या वेळी चांगले यंत्र नव्हते. पंधरा दिवस थांबा म्हणाला. मी थांबलो नाही.

समाजमाध्यमावर पुण्याच्या एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क, लिनक्ससह, किंमत २२,५०० रुपये. फोनवर तो इतके गोड आणि इतके माझ्या मनातले बोलला की विचारू नका. “सर, या मोठ्या कंपन्या चांगली मशीन कचऱ्यात घालायला लावतात. तुमच्यासारखे समजून घेणारे गिऱ्हाईक फार कमी.” मी हुरळलो. मग तो सहज म्हणाला की पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटीचे ४,०५० रुपये वर पडतील, नाहीतर कच्च्या पावतीवर पाठवतो. आणि मी, माझ्याच तोंडाने, “राहू द्या, एवढे काही नाही,” असे म्हणालो. बाकी सगळे नेम पाळले आणि जो नेम पोटापाण्यासाठी एकतीस वर्षे पाळला तोच ४,०५० रुपयांसाठी मोडला.

सावध व्हायला हवे होते तो क्षण मात्र यानंतरचा आहे. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसने पैसे पाठवताना खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना द्यायला लावली आहे. ती सोय वापरली. पडद्यावर एका बाईंचे नाव आले, आडनावही वेगळे. मी फोन केला. “मिसेसचे माहेरच्या नावाचे खाते आहे सर.” पावतीवरचे नाव आणि खातेदाराचे नाव जुळत नसेल तर धनादेश अडवायचा, हे मी नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी शिकवत असे. त्या पडद्याकडे मी दोन-तीन मिनिटे तरी पाहत बसलो असेन, आणि मग बटण दाबले. आधी ५,००० आगाऊ; माझ्या नावाची चिठ्ठी ठेवलेला चालू लॅपटॉपचा व्हिडिओ आल्यावर १७,५००; शेवटी ‘परत मिळणाऱ्या’ वाहतूक विम्याचे १,८५०. नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मिसेसचे असो की मेहुण्याचे.

पार्सल आले, हीच त्याची हुशारी. झाकणाशेजारी ‘आय-फाइव्ह, आठवी पिढी’ असा चकचकीत स्टिकर होता. नखाने उचलला तर खाली जुन्या स्टिकरचा डिंक. उलटा केला तेव्हा तळाशी कुठल्या तरी शाळेच्या प्रयोगशाळेचा क्रमांक खरवडलेला दिसला. नातीने टर्मिनल उघडून एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी आज्ञा दिली आणि आय-फाइव्ह २५२० एम असे उत्तर आले, म्हणजे २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर. रॅम ४ जीबी, एसएसडीच्या जागी घरघरणारी जुनी हार्ड डिस्क, आणि बॅटरी इतकी फुगलेली की टचपॅड वर आला होता. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. मी काढला नाही. विक्रेत्याचा फोन त्या संध्याकाळपासून बंद.

आता यंत्रणेचे ऐका. बँकेत सांगितले की ओटीपी तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, आम्ही काही करू शकत नाही. खातेदाराचा पत्ता मागितला तर पोलिसांचे पत्र आणा. पोलीस ठाण्यात मी भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ (४) लिहून अर्ज नेला होता. तिथल्या हवालदाराने अर्ज न वाचताच सांगितले, “काका, कलमे आम्ही लावतो. वस्तू मिळाली ना? मग हा ग्राहक न्यायालयाचा विषय.” पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत; दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण शिक्का असलेला माणूस रजेवर. तिसऱ्या खेपेला आधी ऑनलाइन तक्रार करा म्हणाले, ती केली, तर तिच्यावर ‘संबंधित ठाण्याशी संपर्क साधावा’ असा शेरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण नोटीस बजावायला विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पत्ता बँकेकडे, बँकेला हवे पोलिसांचे पत्र, पोलीस म्हणतात ग्राहक आयोग. पाच खेपा झाल्या. त्यातल्या दोन उन्हात, रिक्षाचे २४० रुपये वेगळे, ते मी २४,३५० मध्ये धरलेले नाहीत.

पैसे गेल्याचे कळताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, पुढच्या खात्यातून ते निघून जाण्याआधी. मी चार दिवस विक्रेत्याच्या फोनची वाट पाहिली, कारण गृहस्थ आहे, करेल काहीतरी, असे वाटत होते. मुलगा एवढेच म्हणाला, “बाबा, नवा घेतला असता तर निदान वॉरंटी तरी असती.” मी त्याला उत्तर दिले नाही. जुने घेणे चूक नव्हते, बिल न घेणे चूक होते, पण हे त्याला समजावून सांगण्याच्या स्थितीत मी त्या दिवशी नव्हतो.

गणपती पेठेतल्या माणसाने बॅटरी काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तो लॅपटॉप कपाटावर पडून आहे. परवा नातीने मला तीच जाहिरात पुन्हा दाखवली: फोटो तोच, फोन क्रमांक नवा, किंमत २१,९०० रुपये.